ऑटोकॅड ते पोस्टग्रेस, टेक्स्ट फाइलच्या वाटेनं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या नळयोजनांचे नकाशे ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये, नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, आणि मधे ‘अ‍ॅटेक्स्ट’ कमांडची टेक्स्ट फाइल; ही कमांड नकाशातली माहिती फाइलमध्ये काढते. कमांड जुनी आहे, पण खेड्यात हीच वाट भरवशाची. फाइल पेन ड्राइव्हवर जाते, नेट नसलं तरी काम अडत नाही.

व्हॉल्व्ह, हापशी, टाकी असा प्रत्येकाचा ब्लॉक (नकाशावरचं तयार चिन्ह), त्यात माहिती ठेवणारे अ‍ॅट्रिब्यूट. कोणते रकाने काढायचे ते सांगणारं टेम्प्लेट नोटपॅडमध्ये, रोमन अक्षरांत: बीएल:हँडलपुढे (ऑटोकॅडने ब्लॉकला दिलेली खूण) सी००८०००, बीएल:एक्स आणि बीएल:वायपुढे एन०१२००२, म्हणजे रुंदी १२, दशांश २. आपल्याकडे यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, सात आकडी येतो. बिंदू आणि दशांश धरून दहा जागा लागतात. रुंदी आठच दिली तर ओव्हरफ्लो होतो. टॅब वापरू नका, स्पेस द्या. शेवटच्या ओळीनंतरही एंटर हवं. सीडीएफ (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारा प्रकार) निवडलं की मजकूर एकेरी अवतरणात येतो, तेव्हा पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडलाही तेच अवतरण सांगा.

सगळ्यात जास्त नुकसान एक्सेल करतं. ‘फक्त बघायला’ उघडून सेव्ह केलं की गट नंबर १२/३ ची तारीख होते. हँडल सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत (हेक्साडेसिमल) असतो. २ई५ असेल तर एक्सेल त्याला दोन लाख समजतं. दोन्ही परत मिळत नाहीत. बघायचं असेल तर नोटपॅडच. आधी सगळे रकाने टेक्स्ट प्रकारच्या कच्च्या टेबलात घ्या, तिथे तपासा, मगच मुख्य टेबलात.

मौजाचं नाव अ‍ॅट्रिब्यूटमध्ये देवनागरीत लिहू नका. विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजांत (अक्षरांच्या तक्त्यांत) देवनागरी नाहीच, म्हणून प्रश्नचिन्हं उमटतात. २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी गावकोड टाका, नाव डेटाबेसमधून जोडा.

७८ अंश रेखांश याच जिल्ह्यातून जातो. त्याच्या पश्चिमेला यूटीएमचा झोन ४३, पूर्वेला ४४. फाइलमध्ये झोन येत नाही, म्हणून तो नकाशागणिक वेगळ्या रकान्यात भरावाच लागतो. चुकला तर हापशी शेकडो किलोमीटर सरकते.

हँडलला टेबलाची मुख्य चावी (प्रायमरी की, नोंद ओळखायचा रकाना) करू नका. ब्लॉक दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट केला की हँडल बदलतो. स्वतःचा क्रमांक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवा आणि त्याला युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा चालणार नाही असं) घाला, कारण ब्लॉक कॉपी केला की क्रमांकही कॉपी होतो. आयात एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे सगळ्या नोंदी जातात किंवा एकही नाही. मधेच लाईन गेली तरी अर्धवट नोंदी राहत नाहीत, फाइल पुन्हा चालवली की झालं.