‘अंथरूण पाहून पाय पसरा’ म्हणणं हा आजार ठरला तेव्हा

“फी जास्त वाटतेय ना मॅडम? हीच तुमची लिमिटिंग बिलीफ.”

लिमिटिंग बिलीफ म्हणजे माणसाला मागे खेचणारी धारणा, आणि अशा धारणा मोडायचा एक कोर्स ती मला विकत होती. फोनवरच्या त्या मुलीने हे इतक्या मायेने म्हटलं की मीच ओशाळले. अठरा वर्षं मी लोकांचे हिशेब तपासते आहे. बेरीज एका आकड्याने चुकली तरी मला जेवण गोड लागत नाही. आणि त्याच मी तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम एका संध्याकाळी भरून मोकळी झाले, बदल्यात नक्की काय मिळणार हे धड न विचारता. हे लिहायला दोन वर्षं लागली, कारण लाज. पण परवा ऑफिसात नव्याने लागलेली एक मुलगी म्हणाली, “ताई, तो कोर्स तुम्ही केलाय ना? तुमचा व्हिडिओ पाहिला मी. भरू का पैसे?” तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

व्हिडिओचं पुढे सांगते.

माझी अडचण साधी होती. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. आकडे तोंडपाठ असूनही मी कागदात डोकं खुपसून बसायचे आणि माझंच काम दुसरा कुणीतरी उभा राहून सांगायचा. माझ्यामागून आलेले पुढे गेले. अशात एका रात्री मोफत वेबिनारची जाहिरात दिसली: तुम्हाला मागे खेचणाऱ्या धारणा ओळखा आणि मोडा.

बोलणाऱ्या सरांच्या जिभेवर साखर होती. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन तासांत ते काही खोटं बोलले नाहीत. ‘मला जमणार नाही’ असं धरून बसलेला माणूस प्रयत्न करत नाही, प्रयत्न नाही म्हणून जमत नाही, आणि जमलं नाही हाच पुन्हा पुरावा होतो. हे चक्र मी रोज जगत होते. दुधात पाणी घालायला आधी दूध लागतं, ते त्यांच्याकडे होतं.

शेवटी पंचवीस प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला. दुसऱ्या दिवशी ‘बिलीफ रिपोर्ट’ आला. ‘तुमच्यात भरपूर क्षमता आहे, पण तिचा तुम्ही पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही. बाहेरून शिस्तीच्या वाटता, आतून मात्र काळजी आणि असुरक्षितता असते.’ वाचताना अंगावर काटा आला. इतकं अचूक मला कुणी ओळखलं नव्हतं! महिन्याभराने बॅचमधल्या एका मैत्रिणीने तिचा रिपोर्ट दाखवला. नाव सोडून सगळा तोच, एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच.

मग मी शोधाशोध केली. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा’ म्हणून निकाल दिला. सगळ्यांना तीच तेरा वाक्यं, बरीचशी भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माझ्या रिपोर्टातली वरची दोन वाक्यं जवळपास जशीच्या तशी त्या तेरांमधली आहेत. म्हणजे माझ्या मनाचा थांग मी जन्मायच्या कितीतरी आधीच लागलेला होता.

रिपोर्टनंतर तो फोन. चाळीस मिनिटं. आधी स्वप्न विचारलं, मग ते पुरं न झाल्याचं दुःख, मग आणखी पाच वर्षं असंच गेलं तर काय होईल हे माझ्याच तोंडून वदवून घेतलं. मी रडवेली झाल्यावर फीचा आकडा आला. मी म्हटलं, जास्त आहे. तर ती टंचाईची मानसिकता. म्हटलं, घरी विचारते. तर ती परवानगी मागत जगण्याची सवय. विचार करून सांगते म्हटलं, तर तीच टाळाटाळ, जिने मला आजवर मागे ठेवलं. सगळ्या वाटा फिरून पैसे भरण्याच्या खिडकीपाशीच येत होत्या. शंका घेणं हेच दुखण्याचं लक्षण ठरलं आणि दुखण्यावर औषध एकच, फी.

मी पैसे भरले तेव्हा मला खरंच शूर वाटलं होतं.

तीन दिवसांचं शिबिर. तिथला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण हा खेळ अनेक ठिकाणी चालतो. सरांनी मला स्टेजवर बोलावलं. उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरायला लावला. “मोठ्याने म्हणा, मी यशाला पात्र आहे.” मी म्हटलं. त्यांनी दोन बोटांनी हात दाबला आणि तो लुळा पडल्यासारखा खाली आला. सभागृहात “अरेरे” उमटलं. “शरीर खोटं बोलत नाही,” सर म्हणाले. मग डोळे मिटून श्वास, पाठीवर हात, गाठ सुटल्याची घोषणा. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा दोन बोटं. या वेळी हात खांबासारखा ताठ. टाळ्या. मी ढसाढसा रडले.

घरी बहिणीने हा प्रयोग माझ्यावर करून पाहिला. ती शिकवते विज्ञान, तिला कशानेच रडू येत नाही. बोटं मनगटावर ठेवली की हात सहज खाली जातो, कोपराकडे सरकवली की तेवढ्याच जोराने जात नाही. साधी तरफ. वर दुसऱ्या वेळी दाब कधी येणार हे मला ठाऊक असतं, म्हणून स्नायू आधीच आवळलेले. मग तिने दहा चिठ्ठ्या केल्या, पाचांवर खरी वाक्यं, पाचांवर खोटी, आणि सारख्या पाकिटांत घालून पिसल्या. पाकीट हातात धरायचं, कुणी वाचायचं नाही, हात दाबायचा. माझ्या ‘खोटं न बोलणाऱ्या’ शरीराने दहापैकी चार बरोबर सांगितली. स्नायूंच्या या चाचणीचं मूळ जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकी कायरोप्रॅक्टरने (मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याने) १९६४ मध्ये काढलेल्या पद्धतीत आहे, आणि तपासणाऱ्याला उत्तर माहीत नसेल अशा चाचण्यांत ती नाणं उडवण्यापेक्षा काही वेगळं सांगत नाही. शेवटच्या दिवशी आम्ही हाताने फळ्या फोडल्या त्याचंही तेच. मऊ पाइनची पातळ फळी रेषांच्या दिशेने मारली की तुटते, मारणाऱ्याची श्रद्धा काहीही असो.

पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण जास्त महाग पडली ती दुसऱ्या दिवसाची दुपार. “मूळ शोधा,” सर म्हणाले. “पैशाबद्दल लहानपणी घरात काय ऐकलंत?” मला आठवलं, बाबा म्हणायचे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. सरांचा चेहरा उजळला. “हीच! सगळं आयुष्य तुम्ही त्या आखूड अंथरुणात आखडून काढलंत.” मग डोळे मिटवून बाबांचा चेहरा आठवायला लावला, आवाज आठवायला लावला, ते कुठे उभे होते, हातात काय होतं. दर वेळी चित्र अधिक ठळक होत गेलं आणि बाबा अधिक कठोर. संध्याकाळी गृहपाठ होता: त्या व्यक्तीला फोन करून ‘ही धारणा मी परत करते आहे’ असं सांगा.

मी केला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला म्हटलं, “तुम्ही माझे पाय कापलेत.” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. जेवलीस का?”

आठवणींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी नंतर वाचला. २४ जणांना त्यांच्या बालपणीच्या तीन खऱ्या घटनांबरोबर एक बनावट घटना सांगितली होती, बाजारसंकुलात हरवल्याची. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती कधी न घडलेली गोष्ट थोडीबहुत ‘आठवली’. पुन्हापुन्हा कल्पना करायला लावली की कल्पनेची आठवण होते. हे ज्याला माहीत नाही त्याने कुणाच्या बालपणात हात घालू नये, आणि ज्याला माहीत असूनही जो घालतो त्याच्याबद्दल मी इथे लिहिलं तर भाषा बिघडेल.

व्हिडिओ शिबिरातल्या त्याच रात्री काढला. टाळ्या, संगीत, रडून हलकं झालेलं मन, आणि दारात कॅमेरा. “फक्त एक मिनिट, मनापासून.” मी बोलले, “माझं आयुष्य बदललं.” तोवर बदललं काहीच नव्हतं, मी अजून एकाही मीटिंगला गेलेली नव्हते. तुम्ही पाहता ते बहुतेक अभिप्राय अशाच वेळी घेतलेले असतात. सहा महिन्यांनी त्या माणसांना कुणी विचारत नाही. आणि एकदा जाहीर बोलून बसलं की माघार घेणं अवघड जातं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेला विचार हाच: आपली कृती आणि आपलं मत जुळेना की कृती तर होऊन गेलेली असते, मग आपण मतच वळवतो. मी चार महिने स्वतःला पटवत राहिले की फरक पडतोय.

मीटिंगमध्ये घसा तसाच कोरडा. मी कळवलं, तर उत्तर आलं की आतलं काम अपुरं राहिलंय, पुढची लेव्हल करावी लागेल; तिची फी पहिलीच्या दुप्पट. इथे मात्र हिशेबनीस जागी झाली. मी पैसे परत मागितले. ‘शंभर टक्के रिफंड’ असं जाहिरातीत ठळक होतं, पण अटींच्या पानावर: नव्वद दिवसांचा प्रत्येक गृहपाठ वेळेत दिलेला हवा आणि सहभाग ‘पूर्ण मनाने’ असायला हवा. मन पूर्ण होतं की नाही हे कोण ठरवणार? तेच. गृहपाठ मी सगळे दिले होते, स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं की रिफंड मागणं हेच अर्धवट मनाचं लक्षण. मग ग्रुपमधून काढलं. पैसे मिळाले नाहीत.

म्हणून माझ्यासारखं कुणी दारात उभं असेल तर एकच सांगते: पैसे भरण्याआधी कोर्स विकणाऱ्याला विचारा की यातून फायदा झाला नाही, हे आपल्याला कशावरून कळेल? सरळ उत्तर देणारा भेटला तर पुढे बोला. तुमच्या प्रश्नाचंच निदान करू लागला तर फोन ठेवा. आज रात्री बारापर्यंतची सवलत उद्याही असते, मी तपासलं आहे, सलग अकरा दिवस होती. ‘सर्टिफाइड मास्टर’ वगैरे पाटी पाहून भुलू नका. कोच, म्हणजे असे मार्गदर्शक, म्हणवून घ्यायला बहुतेक देशांत कसलाही परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था ऐच्छिक दर्जा देतात, आणि त्यांच्या सर्वांत वरच्या दर्जाला २,५०० तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो. आमच्या सरांचं प्रमाणपत्र कुणी दिलं होतं? त्यांच्याच कंपनीने.

धारणांवर काम करणं थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अल्बर्ट एलिस १९५५ पासून आणि ॲरन बेक १९६० च्या दशकात, दोघेही मानसोपचार करणारे, नेमकं हेच करत होते: माणूस स्वतःशी काय बोलतो ते पकडायचं आणि तपासायचं. नंतर मी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी बालपण उकरलं नाही, हात दाबला नाही. विचारलं, “तुम्ही बोललात तर नक्की काय होईल असं वाटतं?” मी म्हटलं, आवाज फाटेल आणि सगळे हसतील. “किती खात्री?” शंभरपैकी ऐंशी. त्यांनी ते कागदावर लिहायला लावलं. “या आठवड्यात दोनच वाक्यं बोला, आणि किती जण हसले ते मोजून आणा.” मोजणं मला येतं. आवाज फाटला. नऊ जणांपैकी हसलं कुणी नाही. दोघे तर मोबाइल पाहत होते. पुढच्या खेपेला ऐंशीचे पंचावन्न झाले. सात सत्रं झाली, आठवं लागेल का असं मी विचारलं तर म्हणाल्या, “मला नाही वाटत.” अजूनही बोलण्याआधी पाणी पिते, पण माझे आकडे मीच सांगते.

बाबांकडे गेले ती माफी मागायला. चाचरत विषय काढला, ती म्हण, तो फोन. ते चष्मा पुसत ऐकत होते. “अंथरूण पाहून?” ते म्हणाले. “मी आयुष्यभर उधारीवर पुस्तकं आणली, मी कशाला म्हणेन असलं? ते तुझी आजी म्हणायची. मलाच उद्देशून.”

व्हिडिओ काढून टाका म्हणून मी चार वेळा लिहिलं आहे. अजून काढलेला नाही. जाड चष्म्याची, डोळे पुसत हसणारी एक बाई ‘माझं आयुष्य बदललं’ म्हणताना दिसली, तर ती मी. तिचं ऐकून पैसे भरू नका.