‘मला दारू चढतच नाही’ म्हणणाऱ्या पोराला काय विचारावं?

साताऱ्यात कॉलेजची पोरं हे अभिमानानं सांगतात. दारूच्या व्यसनाच्या निदानासाठी दोन प्रश्न विचारता येतात.

पूर्वीइतकीच नशा यायला आता जास्त लागते का? डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका, २०१३) मधल्या दारूच्या व्यसनाच्या ११ निकषांपैकी हा एक. वर्षभरात दोन जुळले, त्रासही होत असेल, तर निदान होतं. पण विशीत नुकती सुरुवात केलेल्यांचं पिण्याचं प्रमाण बहुधा वाढतंच. त्यामुळे नुसत्या ‘हो’वर माझा भरवसा नाही.

दुसरा : एका बैठकीत किती पेग? इथं पेग ३० मिलीचा की ६०चा, हे आधी विचारायचं. वजनाप्रमाणे फरक पडतो, तरी आकडा हाती लागतो. मी यापासूनच सुरुवात करेन. आणि ज्याला उपजतच कमी चढते त्याला पुढे व्यसनाचा धोका जास्त, हे आईवडिलांनाही सांगेन.