सूपचं तयार पाकीट: भाजी चोख, कृती फसवी

डिसेंबर लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या भाजीवाल्यांकडे चिरलेल्या उंधियोची पाकिटं येतात. त्यांच्याच शेजारी आता कंदमुळांच्या सूपचं पाकीट दिसू लागलंय. आत गाजर, रताळं आणि सुरण मिळून अर्धा किलो फोडी, शिवाय वेगळ्या पुडीत १०० ग्रॅम सुकी डबल बी. मागे छापलंय, 'सर्व कुकरला लावा, ३ शिट्ट्या, मिक्सरला फिरवा, क्रीम घाला.' भाजी उत्तम आहे. कृती मात्र वाचून सोडून द्यावी.

कारण न भिजवलेली बी भाजीसोबत लावली की ३ शिट्ट्यांत रताळ्याचा गाळ होतो आणि बी आतून खडूसारखीच राहते. मग कितीही फिरवा, सूप जिभेला रवाळच लागणार. बी ८ तास भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि चिमटीत दाबून सालं काढायची. डबल बीचं साल जाड, मिक्सरमध्ये त्याचे कागदासारखे कपटे होतात. कडव्या वालांचं बिरडं होणाऱ्या घरात हे सांगायला नको. नव्या पाण्यात ४ शिट्ट्या, मग १० मिनिटं मंद आच. बोटाने दाबल्यावर बी लोण्यासारखी पसरली पाहिजे. टोमॅटो आधी घालू नये, आंबटात बी मऊ होत नाही. एवढं करूनही टणक राहिली तर ती जुनी समजा. पाकिटावर पॅकिंगची तारीख आहे, बी कधीची ते कुठेच नाही.

सुरण चिरून मिळतो, त्यामुळे हात वाचतात, घसा नाही. फोडी १५ मिनिटं आमसुलाच्या पाण्यात ठेवून धुऊन घ्याव्यात आणि पूर्ण शिजवाव्यात, कच्चट सुरणच जास्त खाजतो.

दुसरी खोट म्हणजे सगळ्या फोडी एकाच मापाच्या. गाजर शिजेपर्यंत रताळं विरघळतं. म्हणून गाजराच्या फोडी अर्ध्या करा. चमचाभर तुपात कांदा, ४ लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं परता, मग गाजर आणि सुरण ५ मिनिटं. ३ कप पाणी घालून झाकण ठेवा. सुरी अर्धी शिरू लागली की रताळं टाका. त्याला पुढची ८-१० मिनिटं पुरतात.

मिक्सरमध्ये आधी फक्त बी, तिच्याच पाण्यासोबत, २ मिनिटं गुळगुळीत वाटायची. भाजी नंतर, थोडी निवल्यावर, १५-२० सेकंदच. रताळं जास्त फिरवलं की सूप खळीसारखं चिकट होतं. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नये. गरम वाफेने झाकण उडतं आणि ओटाच नव्हे, भिंतसुद्धा पुसावी लागते.

क्रीमची गरजच नाही, मलईपणा बीमधून येतो. मीठ, ताजी मिरपूड, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून एक उकळी द्या. लिंबू वाटीत पिळायचं. तासाभराने सूप पिठल्याइतकं घट्ट होतं, तेव्हा अर्धा कप कढत पाणी हाताशी ठेवा.

चौघांना पोटभर होतं. पैसे वसूल होतात ते सुरण सोलण्या-चिरण्याचा वैताग वाचल्यामुळे. सकाळीच घ्यावं, पाकिटाला आतून घाम सुटला असेल आणि रताळ्याच्या कडा काळवंडल्या असतील तर उचलू नये. बी मात्र जांभळी नाक्याच्या बाजारात सुटी, निवडून घेतलेली बरी.