टिलँडसियाला पाणी: फवारावे की बुडवावे?

टिलँडसिया या मातीशिवाय वाढणाऱ्या रोपाची (एअर प्लांटची) मुळे आधाराला धरून राहण्यापुरतीच असतात आणि पाणी पानांवरील सूक्ष्म रुपेरी खवल्यांतून शोषले जाते. त्यामुळे रोज फवारणी करावी की आठवड्यातून एकदा रोप बुडवून ठेवावे, हा प्रश्न इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फार महत्त्वाचा ठरतो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपलीकडे जातो, लू वाहते आणि फवाऱ्याचे थेंब पानांत मुरण्याआधीच उडून जातात. पानांच्या कडा आत वळून पन्हळीसारख्या दिसू लागल्या, की रोप तहानलेले आहे असे समजावे. अशा दिवसांत 20 ते 30 मिनिटे बुडवून ठेवणेच मला निःसंशय योग्य वाटते. मात्र ते सकाळी करावे, कारण ही रोपे रात्री पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ओल्या पानांमुळे त्यात अडथळा येतो. नंतर रोप उलटे धरून हलकेच झटकावे. बेचक्यात पाणी साचून राहिले, तर गाभा काळा पडतो आणि पाने अलगद सुटून हातात येतात. बोअरिंगच्या जड पाण्याचा पांढरा थर खवल्यांवर बसतो, म्हणून शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पावसाळ्यात हवा दमट असताना अधूनमधून केलेली फवारणी पुरते.