साखर दाखवणाऱ्या घड्याळाने आमच्या गटाला कसं फसवलं

सुई न टोचता रक्तातली साखर दाखवणारं स्मार्टवॉच सध्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर दीड-दोन हजारांत विकलं जातंय. ते घेऊ नका. घरात कुणी आधीच घेतलं असेल, तर त्यातला साखरेचा किंवा बीपीचा आकडा बघून गोळी कमी-जास्त करणं, नाश्ता पुढे ढकलणं आजच्या आज थांबवायला सांगा. नुसते पैसे गेले असते तर चारचौघांत हळहळून विषय संपला असता. आमच्याकडे प्रकरण त्याच्या पुढे गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला येणारी मंडळी. बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाला गुडघे. चालण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजची पावलं टाकायची पद्धत पडली. आधी फोनमधली, मग कुणाच्या मुलाने बँड आणून दिला, कुणाच्या सुनेने घड्याळ. त्याचा उपयोग होतो, हे आधीच सांगते. पावसात मैदान बंद असलं तरी माणसं गच्चीवर फेऱ्या मारून आकडा पुरा करायची. आकड्यांत थोडी गंमतही असायची. द्वारका चौकातले खड्डे चुकवत स्कूटरवरून घरी येईपर्यंत एकीच्या बँडने दीड-दोनशे पावलं परस्पर जमा केली होती. त्यावर आम्ही हसायचो, कारण पावलं चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही.

या हौसेवरच कुणीतरी डोळा ठेवला. जाहिरात ग्रुपवर फिरत आली. टीव्हीवर नेहमी दिसणारे एक डॉक्टर पांढऱ्या कोटात मराठीत सांगताहेत, ‘मधुमेहींनो, आता बोट टोचायची गरज नाही.’ नीट पाहिलं तर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. चेहरा उचलून त्यावर तोंडाची हालचाल आणि आवाज चिकटवलेला. पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर, चष्मा न लावता, ते कुणाला दिसणार? खाली ८,९९९ वर काट मारून १,९९९. वर ‘ऑफर १४ मिनिटांत संपणार’ असं उलटं घड्याळ चालू. माझ्या भाचीने नंतर दाखवलं, पान पुन्हा उघडलं की ती चौदा मिनिटं नव्याने सुरू होतात. घाई करायला लावण्याची ही युक्ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांच्या यादीत आहे, म्हणजे कायद्याने ती चालत नाही. चालते मात्र सर्रास.

घरी आल्यावर पैसे द्यायचे तर १५० रुपये जादा, आगाऊ यूपीआयने दिले तर सूट. त्यामुळे गटातल्या सात-आठ जणांनी आगाऊच भरले, मीही त्यात होते. आमचे आप्पा त्यात सगळ्यात उत्साही. सत्तरी गाठलेले, मधुमेह जुना, सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन मैदानावर येणार आणि नाश्ता घरी गेल्यावर. बोटं टोचून टोचून कंटाळले होते बिचारे.

खोका दिसायला झकास होता. नारिंगी पट्टा, गोल बटण, महागड्या कंपनीच्या घड्याळासारखा घाट. पण खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही, वस्तू कुठल्या देशात बनली तेही नाही. वॉरंटी कार्डावर शिक्क्याची जागा कोरी. अ‍ॅपसाठी एक क्यूआर कोड. ते अ‍ॅप सुरुवातीलाच संपर्कयादी, मेसेज, लोकेशन अशा सगळ्या परवानग्या मागत होतं. पावलं मोजायला माझे मेसेज कशाला हवेत? मी नकार दिला तर अ‍ॅप पुढे सरकेना.

पहिले काही दिवस सगळे खूश. ग्रुपवर पावलांबरोबर आता साखरही यायला लागली. आप्पा १०४, मी ९८, कुणी १११. दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाल्यावर आप्पांनी टाकलं, ‘जेवून दोन तास झाले, १०७! चालण्याचा परिणाम!’ खाली पंधरा टाळ्या. तेव्हा ग्रुपमधल्या सिस्टरांनी, म्हणजे सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या परिचारिकेने, एवढंच लिहिलं, ‘आप्पा, श्रीखंडानंतर १०७ तर माझीही येत नाही.’ तो विषय हसण्यावारी गेला.

मग ती सकाळ. आप्पा अर्ध्या फेरीतच बाकावर बसले. कपाळावर घाम, तोही ऑक्टोबरच्या गार हवेत. हात थरथरत होते, बोलताना शब्द अडकत होते.

‘आप्पा, काय होतंय?’

‘काही नाही गं, जरा गरगरतंय. साखर बरोबर आहे, बघ.’ आणि त्यांनी मनगट पुढे केलं. १०८.

सिस्टर मागून आल्या. त्यांनी त्या मनगटाकडे बघितलंही नाही. गेटवरच्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, ‘अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे साखर, लवकर!’ आप्पा म्हणताहेत, ‘अहो सिस्टर, मला साखर कसली देता, १०८ आहे,’ आणि सिस्टर त्यांच्या ओठाला ग्लास लावताहेत. त्या अजून घरोघरी ड्रेसिंगला जातात, त्यामुळे स्कूटरच्या डिकीत ग्लुकोमीटर असतो. पट्टीवर थेंब घेतला. ५६. घड्याळात त्याच क्षणी १०९. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तेव्हा ८३ आली, आणि आप्पा बिस्कीट खात घरी जायच्या गोष्टी करू लागले.

ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: साखर ७० च्या खाली गेली की तो हायपो, म्हणजे साखर धोक्याइतकी कमी होणं. ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी पोटात, पोट रिकामं आणि वर चालणं, हा त्याचा ठरलेला रस्ता. आप्पांना घाम यायला लागल्यावर शंका आली होती, ते नंतर बोलले. पण घड्याळ बघून त्यांनी खिशातली लिमलेटची गोळी खिशातच ठेवली. मला या घड्याळाचा राग येतो तो इथे.

त्या संध्याकाळी मी माझं घड्याळ घेऊन दिराच्या दुकानात गेले. महात्मा गांधी रोडवर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने आधी ते काकडीला बांधलं. काकडीचे ठोके ७४, बीपी ११८/७६, साखर १०१. मी हसले, तर तो म्हणाला, ‘ठोक्यांवर जाऊ नका वहिनी, चांगलं घड्याळसुद्धा निर्जीव वस्तूवर कधीकधी ठोके दाखवतं.’ मग त्याने समजावलं. घड्याळामागचा हिरवा प्रकाश कातडीत जातो, रक्त तो शोषतं. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. तो टिपणारा एक छोटा सेन्सर असतो, त्यावरून ठोके मोजतात. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश लागतो. काकडीवर बाहेरचा प्रकाश, हलणं वगैरेमुळे खोटी लय सापडू शकते. पण काकडीला बीपी आणि साखर कुठून येईल?

मग त्याने मागचं झाकण उघडलं. दोन हिरवे एलईडी, मध्ये काळ्या प्लास्टिकचा चौकोन, आणि त्या चौकोनाखाली काहीच नाही. प्रकाश टिपणारा भागच बसवलेला नाही. दीर म्हणाला, ‘वहिनी, यात नुसती दिवाळीची रोषणाई आहे.’ आकडे कुठून येत होते? आतला प्रोग्राम निरोगी माणसाचे शोभतील असे आकडे थोडे वरखाली करून दाखवत होता. म्हणून तर सगळ्यांची साखर शंभराच्या आसपास. श्रीखंड खा, उपास करा, काकडीला बांधा.

घड्याळ चांगल्या कंपनीचं असतं तर साखर बरोबर आली असती का? नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २१ फेब्रुवारी २०२४ ला लोकांना जाहीर इशारा दिला, की कातडीला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही, कंपनी कुठलीही असो. दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजत राहणारा सीजीएम सेन्सर ही वेगळी गोष्ट. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते, तो साधारण दोन आठवडे चालतो, एकेकाला काही हजार रुपये पडतात, आणि त्याचा आकडा फोनवर किंवा घड्याळावर दिसू शकतो. तिथे मोजतो तो सेन्सर, घड्याळ नुसतं दाखवतं. जाहिरातवाले नेमका हाच घोळ घालतात.

बीपीचंही असंच. ओम्रॉनने एक घड्याळ काढलं होतं, त्याच्या पट्ट्यातच हवा भरून फुगणारी पिशवी होती, म्हणजे दवाखान्यातल्या यंत्राचं धाकटं भावंड. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपीची सोय आहे, तिथे दर २८ दिवसांनी दंडाच्या यंत्राशी आकडा जुळवून घ्यावा लागतो. दोन हजारांचं घड्याळ यातलं काहीही न करता बीपी सांगत असेल, तर ते कुठून सांगतंय हे काकडीला विचारा.

आता पैशांचं. ईमेल केला, तर ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असं यांत्रिक उत्तर. पुन्हा केला, तर ‘खोकं उघडलेलं असल्यास परतावा नाही.’ व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर काकडीचा फोटो पाठवल्यावर त्यांनी मला ब्लॉक केलं. वेबसाइटवर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, तक्रार अधिकारी, काहीच नव्हतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हे सगळं लिहिणं बंधनकारक आहे, तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. पुढच्या वेळी काही मागवण्याआधी मी वेबसाइटच्या तळाशी जाऊन पहिल्यांदा हेच शोधणार.

मग एक फोन आला. गोड आवाज, स्वच्छ मराठी. ‘मॅडम, तुमचा रिफंड मंजूर झालाय.’ त्याला माझा ऑर्डर नंबर, पत्ता, रक्कम, सगळं तोंडपाठ. मला वाटतं, यादी विकली गेली होती किंवा माणसं तीच होती. ‘एक क्यूआर पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे लगेच खात्यात.’ स्कॅन केल्यावर पडद्यावर ठळक आलं: ४,९९९ रुपये द्या. मी म्हटलं, ‘हे तर द्यायचं आहे.’ तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे तसंच दिसतं, तुम्ही पिन टाका.’ यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. मी फोन ठेवला. गटातल्या एका वहिनींनी मात्र पिन टाकला. त्यांच्या मुलाने अर्ध्या तासाच्या आत १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला म्हणून रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली. तिथे उशीर केला की पैसे पुढे पुढे सरकत जातात, म्हणून आधी तो नंबर, मग बाकीच्यांना सांगणं.

ज्या एकाने घड्याळाचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते, त्याला बँकेत हरकत नोंदवून ते परत मिळाले. आम्ही यूपीआयवाले तसेच राहिलो. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार दिली. नोंद झाली, पण विक्रेत्याचा ठावठिकाणा लागला नाही असं उत्तर आलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं खरं, पण नोटीस पाठवायची कोणाला?

घड्याळ घ्यायचंच असेल तर दुकानात जाऊन घ्या आणि खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नंबर शोधा. स्मार्टवॉचला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. आमच्या खोक्यावरचा नंबर टाकला तर काहीच सापडलं नाही. दुकानाचा जिना दोनदा चढून-उतरून मनगटाची नाडी तीस सेकंद मोजा, दुप्पट करा, घड्याळाशी ताडून बघा. नकली घड्याळ जिना चढल्यावरही बहुधा ७४ च सांगतं.

पावलं आणि ठोके एवढं नीट मोजणारं साधं घड्याळ चालण्याची गोडी लावायला भरपूर झालं. कॅलरींवर जिलबी ठरवू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली, तेव्हा ठोके बहुतेकांचे ठीक निघाले, पण कॅलरींत सगळ्यात बरं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं. आणि दहा हजार पावलांचा धाकही घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पेडोमीटर विकताना रूढ झाला. वयस्कर स्त्रियांवर झालेल्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे जादा फायदा दिसला नव्हता. मी हे ग्रुपवर टाकल्यापासून निम्म्या बायका निवांत झाल्यात.

आप्पांची गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलली, आता ते घरून पोळीचा घास खाऊन येतात. ग्लुकोमीटर पिशवीत असतो, मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. ती वेबसाइट बंद झाली. पण गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा ग्रुपवर आली. डॉक्टर तेच, ओठ तसेच मागे-पुढे, घड्याळाला नाव नवीन आणि पट्टा काळा. आता त्यात साखर, बीपीबरोबर कोलेस्टेरॉल आणि युरिक अ‍ॅसिडही दिसतं म्हणे. किंमत १,४९९.