निधीच्या चर्चांसाठी डिस्कोर्सची नोटिफिकेशन व्यवस्था

सामूहिक निधी कोणाला आणि कशासाठी द्यायचा, हे सदस्यांनी मिळून ठरवणारे अनेक ऑनलाइन समुदाय आपली चर्चा डिस्कोर्स या मुक्तस्रोत प्रणालीवर करतात. ब्लॉकचेन क्षेत्रातील आर्बिट्रम, युनिस्वॅप आणि ईएनएस हे समुदाय ही त्यांतली ठळक नावे. पुण्यात दिवसभराची नोकरी सांभाळून अशा चर्चांत भाग घेणाऱ्याच्या दृष्टीने मी या प्रणालीची नोटिफिकेशन व्यवस्था पारखली असून माझे मत अनुकूल आहे. मात्र ती आपल्या गरजेनुसार लावून घ्यायला हवी.

चर्चेच्या एखाद्या विभागासाठी ‘वॉचिंग’ (सतत लक्ष ठेवण्याचा पर्याय) निवडल्यास प्रत्येक उत्तराची नोटिफिकेशन येते आणि गजबजलेल्या समुदायात महत्त्वाचा संदेश त्या गर्दीत हरवतो. निधीच्या विभागासाठी ‘वॉचिंग फर्स्ट पोस्ट’ हा पर्याय मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यात नवा प्रस्ताव मांडला गेला की एकदाच कळते. मग जो प्रस्ताव बारकाईने वाचायचा असेल, तेवढ्याच चर्चेला ‘वॉचिंग’ लावावे. ईमेल नको असलेल्यांनी विभागाच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ (.rss) जोडून मिळणारी फीड, म्हणजे नव्या चर्चांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, वापरावी.

प्रस्ताव मांडला जाताच तो कळण्याला मी इतके महत्त्व देतो, कारण रक्कम, टप्पे आणि जबाबदाऱ्या यांत बदल सुचवायला खरा वाव मतदानापूर्वीच असतो. आर्बिट्रमच्या मूळ नियमांत स्नॅपशॉट या ऑनलाइन मतदान प्रणालीवरील प्राथमिक कौलासाठी एक आठवडा आणि त्यानंतरच्या प्रत्यक्ष मतदानासाठी १४ दिवस ठेवले होते, पण मतदान सुरू झाल्यावर हो किंवा नाही म्हणण्यापलीकडे सदस्याच्या हाती फारसे काही उरत नाही. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेतली जातात. तिथेही मुदतीच्या आत माहिती पोहोचली तरच सहभागाला अर्थ असतो.

या व्यवस्थेतली मोठी उणीव दुरुस्त्यांबाबत आहे. प्रस्तावकाने आपल्या पहिल्या पोस्टमध्ये मागणीचा आकडा बदलला, तर त्या साध्या दुरुस्तीची नोटिफिकेशन ‘वॉचिंग’ लावलेल्या सदस्यालाही येत नाही. पोस्टच्या कोपऱ्यातील पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक केल्यास जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी पाहता येतो, आणि ही सोय उत्तम आहे. पण बदल झाल्याची शंका आल्याखेरीज तिथे कोण जाणार? पैशांच्या प्रस्तावात ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

मतदानाच्या मुदतीचेही भान ही व्यवस्था आपणहून ठेवत नाही, कारण मतदान बहुधा स्नॅपशॉटसारख्या वेगळ्या प्रणालीवर होते. त्यामुळे त्याची आठवण वेगळी लावावी लागते. मुदती प्रायः यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे रात्री ८ वाजता यूटीसीनुसार संपणारे मतदान पुण्यात मध्यरात्रीनंतर दीड वाजता संपते. डिस्कोर्समध्ये वाचणाऱ्याच्या स्थानिक वेळेत तारीख दाखवण्याची सोय आहे, आणि प्रस्तावकांनी मुदत लिहिताना तिचाच वापर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. तसेच रकमेत किंवा अटींत बदल केल्यावर प्रस्तावकाने त्याच चर्चेत नवे उत्तर लिहून तो नोंदवावा, कारण उत्तराची नोटिफिकेशन मात्र ‘वॉचिंग’ लावलेल्या प्रत्येकाला जाते.