‘वेडा’ कोण? १९१२ चा कायदा आणि २०१७ चा

१९१२ च्या ल्युनॅसी अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे वेडेपणाविषयीच्या कायद्यात, ‘वेड्या’ची व्याख्या एका ओळीत उरकली होती: जडबुद्धी किंवा विकल मनाचा माणूस. निकष नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आजार ठरवायला विचार, मनःस्थिती, आकलन, स्थळकाळाचे भान किंवा स्मरणशक्ती यांत मोठा बिघाड मागतो आणि त्यामुळे निर्णय, वागणूक, वास्तवाची जाण किंवा रोजचे व्यवहार ढासळलेले असावे लागतात. मतिमंदत्व वगळले आहे, हे फार बरे झाले.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मुलीने जातीबाहेर लग्न ठरवले, देवपूजा सोडली, तर तेवढ्यावरून ती मनोरुग्ण ठरत नाही. कलम ३ तसे स्पष्ट सांगते. पूर्वी कधी मानसोपचार घेतले होते, एवढेही पुरत नाही. पण ती जेवण टाकून, रात्ररात्र जागून आवाजांना उत्तरे देत असेल, तर सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा. ‘मोठा’ बिघाड म्हणजे किती, हे मात्र कायदा सांगत नाही; निदान मान्य वैद्यकीय निकषांनुसार करावे, एवढेच म्हणतो.